वेणीला एक हिसडा

आई, आज तुझ्याशी भांडायला बसले आहे. तू गेलीस त्याला अठरा वर्षं झाली, म्हणजे आता तू उलट बोलणार नाहीस, फणी फेकून मारणार नाहीस, हे मला कळतं. तरी पहिली ओळ लिहिताना मान आपोआप खांद्यात गेली. आज सोमवार, पार्लर बंद आहे. खुर्चीत मीच बसले आहे आणि समोरच्या आरशात पंचेचाळीस वर्षांची एक बाई दिसतेय, तिची हनुवटी थेट तुझी आहे. राग आला की ती हनुवटी पुढे येते, तेही तुझ्यासारखंच. ते बघून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता जे काय बोलायचं ते हिच्याशीच बोलू.

कुठली तरी एक सकाळ सांगते, कारण तुझ्या हाताखालच्या सगळ्या सकाळी सारख्याच होत्या. मखमलाबादच्या पुढं आपला फुलांचा मळा, मळ्यात दीड खोलीचं घर, चुलीजवळ तू पाटावर बसलेली आणि मी तुझ्या दोन गुडघ्यांमध्ये. अडकित्त्यात सुपारी धरावी तसं तू माझं डोकं धरतेस. वाटीभर खोबरेल टाळूवर ओततेस. वाटीभर, आई! लोक डोक्याला तेल लावतात, तू डोकं तेलात बुडवायचीस. ओघळ कपाळावरून डोळ्यांत, कानात, फ्रॉकच्या गळ्यात. मी हलले की फणीची पाठ कानशिलावर. रडले की दुसरी. 'गप बस, भवाने. हल्लीस तर झिंज्या उपटून हातात दीन.' मग तू वेणी घालायला घेतेस आणि इतकी आवळतेस की माझ्या भुवया वर चढतात. आणि सगळं झालं की तो हिसडा. माझी वेणी मुठीत धरून तू एकदम जीव खाऊन ओढायचीस. मान कट्‌कन वाजायची. तुझा हात वेणीवरून घसरत शेंड्यापर्यंत आला की तू म्हणायचीस, 'सटकला. झालं. जा.' नाही घसरला की, 'नाय सटकला. अजून पायजे.' आणि परत वाटी. शाळेत बाईंनी एकदा माझ्या वहीवर तेलाचे डाग बघून विचारलं, घरी वडे तळतेस का गं? सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी तुझा द्वेष करायला लागले, हे तुला माहीत असावं असं मला वाटतं.

बाप मी चार वर्षांची असताना गेला. मला त्याचा फक्त फोटो आठवतो, त्याला तू रोज न चुकता ताज्या झेंडूचा हार घालायचीस. सगळे म्हणायचे, देवमाणूस होता. मीही म्हणायचे. तू मला फणीनं झोडपलंस की मी जाऊन त्या फोटोखाली बसायचे आणि मनात म्हणायचे, तुम्ही असता तर हिनं मला हात लावला नसता.

आठवीत असताना फुलं गुंडाळायच्या रद्दीत मला एका नटीचा फोटो सापडला. तिचे केस फुगलेले, लाटा लाटा, विस्कटलेले, पण मुद्दाम विस्कटलेले. आज मी त्याला टेक्श्चर म्हणते आणि त्याचे क्लास घेते. तेव्हा मला शब्द माहीत नव्हता, फक्त हवं होतं. तू पहाटे फुलं घेऊन बाजारात गेलीस की दुपारपर्यंत घर माझं असायचं. सुट्टीच्या दिवशी हौदावर बसून कपड्याच्या साबणानं मी डोक्यातलं तेल काढायचे, तीन-तीन वेळा, टाळू भाजून निघेपर्यंत. मग प्रयोग. आधी वर्तमानपत्राच्या पट्ट्यांवर ओले केस गुंडाळले, वाळल्यावर सोडले तर नुसती शाई लागलेली. मग साखरेचं पाणी लावलं. केस छान कडक झाले आणि अर्ध्या तासात डोक्यात मुंग्या. मग सांडशी तापवली आणि बट धरली, ती बट चर्र करून हातातच आली, आणि तुला संध्याकाळी सांगितलं की चुलीत जाळ फुंकताना पेटली. त्याबद्दल फणीचे दोन फटके खाल्ले, पण खरं कळलं नाही यातच मी खूश. मग एकदा मिठाचं पाणी. हे मात्र जमलं. मिठानं केस खरबरीत झाले, एकमेकांना धरून राहायला लागले, बोटात घेतले तर बोटातच राहतात. तेल लावलेला केस पळतो आणि मिठाचा केस थांबतो, हे मी तेराव्या वर्षी त्या हौदावर शिकले. पुढं कुठल्या कोर्समध्ये कुणी मला याहून शहाणपणाचं काही सांगितलं नाही.

आणि शेवटचा प्रयोग तुझ्याकडूनच चोरला. तू शेवंतीची वेणी कशी करायचीस ते मी रोज बघायचे. अंगठ्यावर दोऱ्याचा फास, त्यात दोन देठ, वरून खेचलं की गाठ बसली, पुढचे दोन देठ. तुझे हात बघताच यायचे नाहीत इतके भरभर चालायचे, आणि अंगठ्याला दोऱ्याची कायमची खाच पडलेली. मी मिठाच्या पाण्यानं केस ओले केले, बारीक बारीक बटा घेतल्या आणि प्रत्येक बटेला तुझ्याच पांढऱ्या दोऱ्यानं, तुझ्याच गाठीनं, मुळापासून शेंड्यापर्यंत बांधत गेले. तीस-बत्तीस बटा झाल्या असतील. उन्हात बसून वाळवल्या. मग एकेक दोरा सोडला, आणि आई, काय सांगू तुला. आरसा हातभर, त्यात माझं अर्धंच तोंड मावत होतं, आणि बाकी सगळे केस! फुललेले, नागमोडी, खांद्यावर दाट पसरलेले. मी मान हलवली तर ते माझ्याबरोबर हलले. मला वाटलं, ही मी आहे. इतके दिवस तेलाखाली ही होती.

तू दारात उभी होतीस. टोपली हातातून पडली. मला वाटलं, तुला आवडलं. मी हसलेसुद्धा. तू पाच पावलांत माझ्यापर्यंत आलीस, केस मुठीत धरलेस, एक पेच हाताला गुंडाळलास, दुसरा पेच घेतलास आणि ओढलंस. 'बघ! बघ कसं हातात येतंय! आता सोडव. सोडव ना!' मला अंगणातून हौदापर्यंत फरफटत नेलंस. गुडघ्यांची सालटं निघाली, तोंडात माती गेली. 'सोडव म्हणते ना! नाय सुटत? नाय सुटत ना? लय फ्याशन पायजे तुला?' हौदाच्या कडेवर माझं कपाळ आपटलं, तिथं भुवईत अजून केस येत नाहीत, मी पेन्सिलनं भरते. शेजारच्या मळ्यातली काकू बांधावरून ओरडली, 'अगं मारशील की काय पोरीला!' तू ओरडलीस, 'माझ्याच हातनं मरू दे तिला.' आणि मग गुलाब कापायची कात्री घेतलीस. कातडीला लागत होती तरी थांबली नाहीस. कान वाचले, ते मी दोन्ही हातांनी झाकले होते म्हणून. माझे केस चिखलात पडत होते, आणि तू रडत होतीस. मार मी खातेय आणि रडतेय ही! मला त्या रडण्याचाच जास्त संताप आला. संध्याकाळी तू माझ्या कपाळावर हळद दाबलीस. सकाळी परत गुडघ्यांत घेतलंस, त्या उंदरांनी कुरतडल्यासारख्या डोक्यावर परत वाटी ओतलीस. हिसडा द्यायला वेणीच नव्हती, तर नुसता हात फिरवलास. 'सटकला,' म्हणालीस. मी तुझ्या आवाजात समाधान ऐकलं, आणि ठरवलं की मी मोठी झाले की जगातल्या सगळ्या बायकांचे केस मोकळे सोडीन.

मोकळे सोडले, बघ. पार्लर काढलं त्या दिवशी तू आलीस, आरशाला घालायला शेवंतीची लांब वेणी घेऊन, आणि खुर्चीच्या कडेला अर्धवट बसलीस, जणू कुणी उठवेल. मी गिऱ्हाइकांना तेव्हापासून तुझी गोष्ट सांगत आले. वाटीभर तेल, गुडघ्यांतली मान आणि शेवटचा तो हिसडा. नक्कल करून सांगायचे, 'नाय सटकला, अजून पायजे!' आणि बायका पोट धरून हसायच्या. तू जिवंत होतीस तेव्हाही सांगायचे आणि नंतरही सांगत राहिले. माझी लेक तर त्या गोष्टीवरच वाढली. तिला तुझी ओळख म्हणजे तेवढीच.

तू आजारी पडलीस तेव्हाचं मला टोचतं. तुला फार वेळ हात वर धरून विंचरता येईना. मी म्हटलं, चल, आज माझ्याकडे. रिक्षानं पार्लरला आणलं, तीनदा शाम्पू केला, पाणी तरी तेलकटच निघत होतं. कानामागं तुझी ती रुपयाएवढी टक्कल पडलेली जागा होती, लहानपणी विचारलं की तू म्हणायचीस, 'चाई पडली.' मी ती झाकून केस वाळवले. आणि आई, तुझे केस तर जन्मजात लाटांचे निघाले! ज्यासाठी मी साखर लावली, मीठ लावलं, सांडशीनं जाळून घेतलं, ते सगळं तुझ्याच डोक्यात होतं आणि तू पंचवीस वर्षं तेलाखाली गाडलं होतंस. मी खुर्ची आरशाकडे फिरवली. मला वाटलं, आता तरी तू एकदा चांगलं म्हणशील. तू आरशात बघितलंस आणि दोन्ही हात मानेमागं नेऊन केस मुठीत लपवलेस. खुर्चीत खाली खाली सरकलीस. 'बांध. आधी बांध.' मी म्हटलं, अगं बघ तरी किती छान. 'बांध म्हणते ना! कुणी येईल.' कोण येणारे इथं? तू फाडकन माझ्या मुस्काटात दिलीस, दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना. पिशवीतून तेलाची बाटली काढलीस, म्हणजे घरून येतानाच आणली होतीस, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या केसांवर रिकामी केलीस. मी म्हणाले, 'जन्मभर मला छळलंस, आता इथं येऊन तमाशा करतेस? चालती हो.' असंच म्हणाले. चालती हो. रिक्षात बसवायला बाहेरसुद्धा आले नाही. त्यानंतर तू पार्लरला आली नाहीस, आणि चौथ्या महिन्यात गेलीस.

तुझ्या तेराव्याला नामपूरची मावशी मागच्या दारी माझ्याजवळ बसली होती. मला सातवा महिना. तुझी गोष्ट मी तिलाही सांगायला लागले, हिसड्याची, हसत हसत, कारण मला तुझ्याबद्दल दुसरं काही सांगताच यायचं नाही. मावशी हसली नाही. म्हणाली, 'तुला कुणी काहीच सांगितलं नाही का गं? चाई कशाची? मुळासकट गेलेत ते केस. तुझा बाप दोन पेच हाताला घ्यायचा न् हौदापर्यंत ओढत न्यायचा. एकदा नाही, दोनदा नाही. माझ्या डोळ्यांनी बघितलंय.' मी म्हटलं, तो देवमाणूस होता. 'आसं शे पोरी,' मावशी तिच्या अहिराणीत म्हणाली, 'मेलेला सगळ्यांचाच देव. तिला लय उशिरा सुचलं. एक दिवस डोकं तेलानं माखलेलं होतं, त्यानं वेणी धरली न् हात सटकला. ती पळाली. मग रोज तेल. हात सटकला की बाईला चार पावलं मिळतात. चार पावलांवर शेजारणीचं दार असतं.' एवढं बोलून ती उठून गेली, पानं वाढायची होती. आत तुझ्या फोटोशेजारी बापाचा फोटो, दोघांना सारखाच हार. मी उठले आणि त्याचा हार ओढून तोडला. आलेल्या पाहुण्यांना वाटलं, दुःखानं भान सुटलं.

आता भांडण इथं आहे, आई. तू मला सांगितलं का नाहीस? फणीनं मारायला तुझ्याकडे हात होता, शिव्या द्यायला तोंड होतं, दोन वाक्यं सांगायला नव्हतं? 'बाई गं, तुझ्या बापानं मला असं धरलं, म्हणून तुझी वेणी अशी.' बस एवढंच. मी तेलात स्वतःहून डोकं बुडवलं असतं. त्याऐवजी तू मला तेच करून दाखवलंस, जे त्यानं तुला केलं. तोच हौद, तेच दोन पेच. मला वाचवायला तू मला फरफटवलंस! आणि मी काय शिकले? मी एवढंच शिकले की जिच्या हातात केस आहेत तिचं चालतं.

मावशी बोलली त्या दुपारी पोटावर हात ठेवून मी ठरवलं की मुलगी झाली तर तिच्या डोक्याला तेलाचा थेंब लावणार नाही. नाही लावला. सतरा वर्षं. तिची न्हाणी मी शाम्पूनं केली, सासूबाई ओरडत राहिल्या. तिचे केस तुझे आहेत, आई, जन्मजात लाटा. ती ते मोकळे सोडून शाळेत जायची, शाळेनं चिठ्ठी पाठवली तर मी जाऊन भांडून आले. आणि मावशीनं सांगितलेलं मी कुणाला सांगितलं नाही. ना तुझ्या जावयाला, ना लेकीला. हिसड्याची नक्कल मात्र चालू ठेवली. का चालू ठेवली मला विचारू नकोस. कदाचित बायका हसल्या की ते खोटं वाटायचं.

तुझ्या गाठीवर माझं नाव झालं. नवरीच्या केसांना मी मिठाचा फवारा मारते, जवस उकळून त्याचा चिकट रस लावते, बारीक बटा घेते आणि गजऱ्याच्या दोऱ्यानं बांधत जाते. सोडल्यावर जी दाट नागमोड येते ती कुठल्या मशीननं येत नाही. गेल्या महिन्यात पार्लरवाल्या बायकांनी हॉल घेऊन मला प्रात्यक्षिकाला बोलावलं. मला त्यात एक नवीन भर घालायची होती. दोऱ्यानं बांधलेल्या बटा वरूनच क्रिंपरच्या गरम चिमट्यात दाबायच्या, म्हणजे दोऱ्याची खूण पक्की उठते आणि दोन दिवस राहते. दोरा किती जाड, बट किती ओली, चिमटा किती मोजून धरायचा, हे सगळं करून बघायला डोकं हवं होतं. सोमवारी लेकीला बसवलं. पहिल्या वेळी दोरा पिवळा पडला. दुसऱ्या वेळी बट ओली राहिली आणि वाफ उठली. तिसऱ्या वेळी खूण उठली पण एका बाजूलाच. मी परत सोडायची, परत भिजवायची, परत बांधायची. तीन तास झाले. तिचं बारावीचं वर्ष, तिला क्लासला जायचं होतं. 'आई, अजून किती?' झालंच. 'मघाशीपण झालंच म्हणालीस.' गप बस जरा. ती मोबाईल बघायला मान वाकवायची, मी मान सरळ करायची. चार वेळा केली. पाचव्यांदा जरा जोरात केली. तेव्हा तिनं हात वर नेला आणि मी बांधलेले दोन दोरे खस्सकन ओढून काढले. 'मला नकोय हे. माझं डोकं आहे, तुझं गिऱ्हाईक नाही मी.' आणि उठायला लागली. ती हिसका देऊन उठली, माझा हात सटकला आणि क्रिंपर तिच्या कानाखाली मानेला लागला. वास आला. तेराव्या वर्षी सांडशीत बट जळाली होती त्याहून वेगळा वास. तिची किंचाळी अजून या खोलीत आहे. आरशात मला तिचं तोंड दिसलं आणि तिच्या मागं माझी हनुवटी.

डॉक्टरांना मी सांगितलं, हात सटकला. तुझ्या जावयाला सांगितलं, हात सटकला. नणंद पिंपळगावहून धावत आली, तिलाही तेच. आणि लेकीनं प्रत्येक वेळी मान डोलावली. 'हो, आईचा हात सटकला.' एकदाही माझ्याकडे न बघता. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, मी आत्याकडे राहते थोडे दिवस. कॉलेजचं दप्तर भरलं आणि पिंपळगावला गेली. मी रविवारी प्रात्यक्षिक केलं, दुसऱ्या एका मुलीच्या डोक्यावर. सगळं जमलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी म्हणालं, हात आहे की जादू! मला त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. रोज फोन करायचे, तर आत्याच उचलायची. 'बरी आहे वहिनी, खातेय, अभ्यास करतेय. बोलायचं नाही म्हणते.' दहा दिवस माझ्या डोक्यात एकच होतं, ही परत माझ्या हाताखाली येईल का. खुर्चीत बसायला नाही गं, नुसती येईल का.

परवा सकाळी तिचा बाप तिला घेऊन आला. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. ती दारात आली आणि मी ओळखलं नाही. केस चापून चोपून मागं नेलेले, एकच वेणी, आवळून. कपाळ चकचकतंय, कानावरून तेलाचा ओघळ येऊन त्या भाजल्याच्या डागाजवळ थांबलेला. सतरा वर्षांत मी तिच्या डोक्याला जे लागू दिलं नाही ते वाटीभर तिनं ओतून घेतलं होतं. मी कशीबशी म्हणाले, 'आत्यानं लावून दिलं?' 'मीच लावलं.' पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे पाठ केली आणि वेणी मागं टाकली. 'ओढून बघ.' मी म्हटलं, 'काय?' 'तू सांगतेस ना बायकांना, आजीचं. ओढून बघ. सटकतो का.' आवाजात रडणं नाही, राग नाही, काही नाही. दुकानात कापड ताणून बघ म्हणतात तसं. मावशीचं बोलणं तिला कुणी सांगितलं नव्हतं, आई. तिला ते माझ्या एका सोमवारात कळलं.

पिठाचे हात होते, ते मी पदराला पुसले. वेणी धरली. ओढली नाही, देवाशपथ ओढली नाही, नुसती मूठ मिटली, तर हात आपला आपण घसरत शेंड्यापर्यंत आला. आणि माझ्या तोंडून शब्द आले, मी ठरवून नव्हे, थेट तुझ्या आवाजात. 'सटकला. झालं. जा.' ती गेली. स्वयंपाकघरापासून तिची खोली चार पावलांवर आहे. तिनं आतून कडी लावली. तव्यावरची भाकरी जळाली.

काल आणि आजही तिनं सकाळी तेल लावलं. मी बाटली उचलून ठेवली नाही. माझ्या मनात आलं होतं की तिला खुर्चीत बसवून तुझं सगळं सांगावं, पण ती आता माझ्याकडे पाठ करून बसणार नाही, आणि तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही. म्हणजे मीही तुझ्यासारखीच मुकी निघाले. तेव्हा तुला कशाला बोल लावू? तुझ्या दोऱ्याचं शेवटचं रीळ माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, हे कागद त्याच्याभोवती गुंडाळून तिथंच टाकते. तिला कधी सापडले तर सापडले. आणि सापडलेच तर त्यात खोटं नको, म्हणून एक दुरुस्ती करून ठेवते. वर तुलासुद्धा मी तेच लिहिलं जे सगळ्यांना सांगितलं. मिठाचा फवारा मारलेले केस हातातून सटकत नाहीत, हे मीच बायकांना शिकवते. हात सटकला नव्हता, आई. मी तिच्या केसांचे दोन पेच हाताला घेतले होते. तिची मान मागं आली तेव्हा, चटका बसायच्या आधी, एक क्षण मला बरं वाटलं होतं.